रूपाबाईचा उजवा गाल

बंजारा तांड्यातल्या बाया बऱ्याच दिवसांनी भेटल्या की नुसत्या रामरामावर भागत नाही. एकमेकींच्या गळ्यात पडायचं, गालाला गाल लावायचा आणि सुरात रडायचं. आधी रडून घ्यायचं, मग चहा. भेटीचा अन् पाठवणीचा सूर एकच, मयतीचा वेगळा. जवळा बाजारजवळच्या त्या तांड्यात रूपाबाईसारखा सूर कुणाचा नव्हता. कुणाचीही लेक सासरी निघाली की तिला बोलावणं ठरलेलं.

मग तिला तोंडाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मानेतल्या गाठी काढल्या, विजेचे शेक झाले. दुखणं गेलं, पण काही महिन्यांनी उजवा गाल सुजला तो सुजलाच. सकाळी डोळा उघडेना. ओठ इतका जड की बोलणं तोंडातच राही. रोग परत आला, असं तांड्यानं परस्पर ठरवून टाकलं. बाया मायेपोटी येत, गळ्यात पडत आणि थेट मयतीच्या सुरात रडत. बिचारी रूपाबाई जिवंतपणी स्वतःच्या मयतीचं रडणं ऐकून घेई. चिडून तिनं दारच लावून घेतलं.

लेकीचं, निलमचं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, "पाठवणीला तुझ्या काकीला उभं करू. माझं थोबाड असं, अन् सूर बी निघून न्हाई राहिला."

"मंग मी सासरी जातच न्हाई," निलम म्हणाली. तिनं लग्न पुढं ढकलायला लावलं आणि आईला नागपूरच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. हा कॅन्सर नव्हे. गाठींसोबत अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक वाटा गेल्या, म्हणून ते गालात साचतं. कानापुढं छोटा छेद घेऊन, दुर्बिणीखाली, उरलेल्या वाटा शेजारच्या शिरांना जोडता येतील.

"वावरात चर काढतेत, तसं?" रूपाबाईनं विचारलं.

"अगदी तसं. पण सगळी सूज उतरेल असं मी म्हणत नाही."

डॉक्टरीणबाईंनी खोटी आशा लावली नाही, म्हणूनच रूपाबाईनं होकार दिला.

ऑपरेशन करून घरी आली तर अंगणात बाया जमलेल्या. निलम दारात आडवी उभी राहिली. "डॉक्टरनं सांगितलंय, गालावर दाब द्यायचा न्हाई. कुणी गळ्यात पडू नका!"

"मंग भेटावं कसं?" जाऊ पद्माबाई उखडली. "आमी काय परक्या हाओत?"

शेवटी बाया हातभर अंतरावर बसून रडू लागल्या. लांबून रडणं काही जमेना. एकीला हसू फुटलं आणि मग सगळ्याच हसत सुटल्या. रूपाबाईही हसली, ओठ वाकडा करून.

सूज हळूहळू उतरली, सगळी नाही. डोळा मात्र उघडला, ओठ हलका झाला. गालाला गाल लावायची परवानगीही मिळाली.

पाठवणीला निलम जपून आईच्या डाव्या गालाशी आली. रूपाबाईनं तिला थांबवलं. "हिकडून ये."

लेकीनं उजव्या गालावर गाल टेकला. रूपाबाईनं सूर धरला, जरा जड, जरा फाटका, पण भेटीचाच. त्या गालाला अजून स्पर्श कळत नव्हता. निलमच्या डोळ्यांतलं पाणी मात्र ऊन होतं, तेवढं तिला कळलं.