ईदचा दुसरा साक्षीदार

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळत आलो. जव्हारच्या जुन्या ईदींविषयी कोणी विचारलं, की शिरखुर्म्याचं आणि अत्तराचं वर्णन करून वेळ मारून नेई. आता ऐकू कमी येतं, त्यामुळे लोक काय म्हणतील याची भीतीही कमी झाली आहे. म्हणून लिहितो.

संस्थानी काळ होता. मी कचेरीत नवा मुनशी, लिहिता-वाचता म्हणून जमातीत माझं वजन. त्या वर्षी नमाजनंतर ‘ईदचा खरा अर्थ’ यावर मी चार शब्द बोलावेत असं ठरलं होतं. चार शब्दांची मी अकरा पानं केली होती. दुपारी कारभाऱ्यांना भेटायला जाणाऱ्या मंडळींतही माझं नाव होतं. त्यासाठी नवी अचकन शिवायला टाकलेली. गावात आमचा शिंपी एकच. एकोणतिसाव्या रोज्याला अचकनीची एक बाही लागली होती आणि दुसरी त्याच्या मांडीवर होती.

त्या संध्याकाळी चांद दिसला तर उद्या ईद, नाहीतर आणखी एक रोजा. पण भाताच्या आवणीचे, भर पावसाचे दिवस. जव्हारच्या डोंगरावर ढग उतरले की समोरचं झाड दिसत नाही, तिथे नखाएवढा चांद कुठून दिसणार? मी जामसरचं काम आटोपून परतत होतो. चढणीवर बांगडीवाले चाचा भेटले. पाड्यापाड्यांवर मणी-बांगड्या विकत फिरणारा माणूस, वयाने माझ्या वडिलांएवढा. सूर्य बुडाला, आम्ही एकेक खजूर खाऊन रोजा सोडला, आणि पश्चिमेला ढग फाटले. दोघांनी एकदमच चांद पाहिला. चाचांनी हात उचलून दुआ मागितली. माझ्या तोंडून निघालं, “उद्याच? माझी एक बाही राहिली आहे.”

चाचा हसले. “एका बाहीनेही नमाज होते, मुनशीजी.”

आमच्यात ईदच्या चांदाला दोन साक्षीदार लागतात. चाचा मशिदीत आले तेव्हा मी मौलवीसाहेबांशेजारी कागद घेऊन बसलो होतो. चांद किती बोटं वर होता, टोकं कुणीकडे वळली होती, अशी चौकशी झाली. कोणीतरी म्हणालं, हाच माणूस काचेची बांगडी फुटणार नाही म्हणून शपथेवर सांगतो. सगळे हसले. मीही हसलो, आणि ते टिपूनही घेतलं.

मौलवीसाहेबांनी विचारलं, “बांगडीवाले, सोबत कोण होतं?”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. “होतं एक जण. पण त्याचं त्यानेच सांगावं. साक्ष ओढून काढायची नसते.”

माझा टाक अडखळला नाही. ‘दुसरा साक्षीदार नाही’, असं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या हिंदू शेजाऱ्यांचा श्रावण सुरू झालेला होता. त्यांच्या पंचांगाला मुनशी लागत नव्हता. ईदच्या दिवशी रोजा धरणं आमच्यात निषिद्ध आहे. सगळ्या जमातीने तो धरला, माझ्या एका बाहीसाठी. मी मात्र धर्म मोडला नाही. आतल्या खोलीत कडी लावून खजूर खाल्ले, पाणी प्यालो आणि शरियत पाळल्याचं समाधान मिळवलं. चाचांनी दार सताड उघडं ठेवून शेवया शिजवल्या आणि खाल्ल्या. संध्याकाळपर्यंत गावात त्यांचं नाव रोजाखोर पडलं होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन बाह्यांची अचकन घालून मी अकरा पानं वाचली. ईद म्हणजे नवे कपडे नव्हेत. महिनाभर उपाशी राहून जे नमतं झालं, ते मन दुसऱ्याच्या बाजूने उभं करण्याचा हा दिवस. लोकांनी माना डोलावल्या. एका म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. चाचा मागे, चपलांजवळच्या रांगेत होते. गळाभेटी सुरू झाल्या, तेव्हा त्यांच्याकडे कोणी वळलं नाही. तेच माझ्याकडे आले आणि मिठी मारताना कानाशी म्हणाले, “बोललात ते सगळं खरं आहे, मुनशीजी. आता एवढंच सांगा, की मी खोटा नाही.”

मी म्हणालो, “ईद मुबारक”, आणि पुढच्या माणसाला मिठी मारली.

आठवडाभराने वाडा गावाहून आलेल्या एकाने सांगितलं, की तिकडे ईद आपल्या आदल्या दिवशीच झाली. जमातीने यावर गंभीर विचार केला आणि तिकडचा चांद तिकडे, असा निर्णय दिला. चाचांना मात्र बांगड्या घेणाऱ्या बायकासुद्धा, आज काय काय दिसलं, असं विचारू लागल्या. पाऊस उघडताच ते बिऱ्हाड हलवून खोडाळ्याला गेले.

कचेरीच्या कामाने मी खोडाळ्याला जाई. आज बोलायचंच, असं दरवेळी ठरवून जाई. बाजारात त्यांच्या पथारीपुढे बसे. ते माप विचारत, मी सांगे, आणि बायकोसाठी बांगड्या घेऊन परत येई. तिला वाटे, आपला नवरा फार हौशी. मग एका वर्षी तिथे पथारी नव्हती. शेजारच्या मीठवाल्याने सांगितलं, की म्हातारा पावसाळ्यातच गेला.

ईदची गळाभेट मनात साठलेलं काढून टाकण्यासाठी असते. त्यानंतर मी किती ईदींना किती जणांच्या गळ्यात पडलो याची गणती नाही. ज्याच्यापाशी बोलायचं होतं, त्याच्यापाशी जे कधी ओठांवर आलं नाही, ते एवढंच:

चाचा, तुम्ही खोटे नव्हता. मीही पाहिला होता. मला माफ करा.