तळघरातली ओल

दाराशी येताच हिलट्रूडनं बूट काढले आणि पायऱ्यांवरच बसली. वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात दिवसभर वाफ खाल्ली होती. आता पुन्हा तळघरात उतरायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"आकडा बघितलास?" आतून नवऱ्यानं, एक्हार्टनं, विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"आत्ता आले मी. टेकू तर दे."

एक्हार्टनं मोझेल नदीकाठची निम्मी घरं पाटीच्या दगडानं शाकारली होती. एका छतावरून पडला आणि पाठीचे मणके जोडून घ्यावे लागले, तेव्हापासून त्याची झोप उडाली. डॉक्टरांच्या गोळ्या पोटात ठरत नव्हत्या. गांजाचे दोन झुरके मारले की मात्र पहाटेपर्यंत घोरायचा. इथल्या कायद्यानं गांजाची माणशी तीन झाडं चालतात, म्हणून खाली काळ्या कापडाच्या तंबूत, दिव्याखाली, त्याची तीन झाडं वाढत होती. हिवाळाभराची झोप त्या तुऱ्यांत होती. जिना त्याला उतरवत नव्हता, म्हणजे झाडं त्याची आणि राबणं हिचं.

ती उतरली. ओल मोजायच्या यंत्रावर आकडा पुन्हा चढलेला. पंखा चालू, पाणी तिनं अर्ध्यावर आणलेलं, तरी भिंतींना घाम सुटलेला. सगळ्यात भरलेल्या तुऱ्यात एक पान पिवळं दिसलं. तिनं नुसता हात लावला तर पान अलगद निघून आलं. तुरा बोटांनी उकलला, तर आत राखाडी बुरशी. शेजारच्या झाडाचा तुराही तसाच.

"धाकटं झाड वाचेल," वर येऊन ती म्हणाली. "दोन गेली."

"किती वेळा सांगितलं, पाणी जपून घाल! दोन आठवडे ओरडतोय मी. पण तुझं लक्ष असेल तर ना. गाळ करून ठेवलास तू खाली."

खरंच आपलंच काही चुकलं असेल, असंही हिलट्रूडला वाटून गेलं.

सासूबाई, वालबुर्गा, बटाटे सोलत होत्या. "ओल कशी असेल?" त्या म्हणाल्या. "मी रोज सकाळी तळघराची खिडकी सताड उघडते. दुपारी जेवायच्या आधी लावते. हिला कुठे वेळ असतो? घराला हवा नको द्यायला?"

बाहेर जुलैची उकाड्याची, पावसाळलेली हवा. ती आत येऊन गार भिंतींना लागणार आणि तिचं पाणी होणार. पण दिवसातून एकदा खिडक्या उघडल्या नाहीत तर घर सडतं, हे या गावातल्या प्रत्येक बाईला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. हिलट्रूडलासुद्धा. वेळ मिळाला असता तर तिनंही उघडलीच असती.

"आई, उन्हाळ्यात तळघर उघडायचं नसतं गं," एक्हार्ट हळूच म्हणाला. "पण राहू दे. तुला काय माहीत! मनाला लावून घेऊ नकोस."

हिलट्रूडनं त्याच्याकडे बघितलं. एवढा मऊ आवाज या घरात आहे, हे ती विसरूनच गेली होती.

"मग मी काय वाईट केलं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. तुम्ही बटाटे सोला," हिलट्रूड म्हणाली.

ती खाली गेली. कुजकी दोन्ही झाडं कापून पिशवीत भरली, तोंड घट्ट बांधलं. त्यातलं जरा बरं दिसणारं ठेव, असं एक्हार्ट वरून ओरडत होता. "बुरशी छातीत ओढणार आहेस का?" तिनं खालूनच विचारलं, तेव्हा त्यानं हट्ट सोडला.

धाकटं झाड ठेवायला घरात एकच कोरडी खोली होती, त्यांची झोपायची. म्हणजे तंबू पलंगाच्या तिच्या बाजूला आणि ती स्वयंपाकघरातल्या बाकावर, निदान तुरे पिकेपर्यंत. कुणी तसं ठरवलं नाही. ते आपोआपच ठरलं.

तिनं कुंडी छातीशी धरली आणि एकेक पायरी चढू लागली. गुडघा कुरकुरला. एक्हार्ट काठी टेकत जिन्याच्या तोंडाशी आला होता.

"जपून," तो म्हणाला.

हे तिला की झाडाला, ते तिनं विचारलं नाही. "बाजूला हो," ती म्हणाली, "नाहीतर दोघंही पडू."