डोकं सगळ्यात शेवटी वळवायचं

सेवाग्राम स्टेशनवर आमची गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबली. तेवढ्यात आईने बॅगा चढवल्या, डबा हातात दिला आणि "पोहोचली की फोन करजो" एवढंच म्हणाली. बाबा आत आलेच नाहीत. बाहेर स्कूटरजवळ उभे राहिले.

बाबा शाळेत पीटीचे शिक्षक. बोरगाव मेघेत आमच्या गल्लीत सगळे त्यांना सर म्हणतात. सरांची वीस वर्षांची मुलगी बॅले शिकायला बंगळुरूला चालली, हे त्यांना कोणाला सांगवत नव्हतं. शेजाऱ्यांना त्यांनी कॉम्प्युटरचा कोर्स सांगितला होता. मला ते आदल्या दिवशी कळलं. गाडीत मी रडले ती घर सुटलं म्हणून कमी आणि त्या कोर्समुळे जास्त.

बंगळुरूच्या पीजीत आम्ही चौघी, चार भाषांच्या. मी माझी नागपुरी हिंदी बोलले की तिघी हसायच्या. वाईट मनाने नव्हे, पण हसायच्या. 'का' विचारताना आमचा 'काऊन' तोंडाशी यायचा आणि तिथेच थांबायचा. घरापासून लांब गेलेल्यांना हे माहीत असेल: आधी माणसांची आठवण येत नाही, आपण ज्या बोलीत भांडतो तिची येते.

क्लासमधल्या मुली लहानपणापासून शिकत आलेल्या. मी अंगाने लवचिक होते, उड्या जमायच्या. अडायचं ते गिरकीत. एका पायाच्या चवड्यावर उभं राहून फिरायचं, त्याला पिरुएट म्हणतात. दुसऱ्या फेरीला मला खोली गरगरताना दिसायची आणि मी भिंत धरायची.

मॅम हिंदीत समजावायच्या. समोर भिंतीवर एक जागा निवड. अंग वळू दे, नजर तिथून हलवू नकोस. मान आणखी वळेना झाली की डोकं झटकन फिरव आणि अंगाच्या आधी त्याच जागी ये. डोकं निघतं सगळ्यात शेवटी आणि पोहोचतं सगळ्यात आधी. याला स्पॉटिंग म्हणतात. मी आरशावर चिकटपट्टीचा तुकडा लावला, खांद्यांवर हात ठेवून हळूहळू पावलं टाकत फिरले. तरी चक्कर यायचीच. सहा महिन्यांनी चाचणी होती आणि तिच्यात सलग दोन फेऱ्या जमल्या नाहीत तर परत जायचं होतं.

मी आईला सरावाचे व्हिडिओ पाठवायची. चौथ्या महिन्यात तिचा फोन आला. हसू दाबत म्हणाली, "तुये बाबा अंगणात गिरक्या घेऊन राह्यले व! काल कुंडीवर पडले. गुडघ्याले लागलं. तुले सांगू नको म्हणे."

मागून आवाज आला, "दे इकडे." स्टेशननंतर बाबा पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होते.

"तुई हनुवटी वर जाऊन राह्यली," ते म्हणाले. "फिरताना डोकं तिरपं होते, म्हणून चक्कर येते. आरशावरची पट्टी डोळ्याच्या रेषेत लाव. अन् घाई काऊन करते?"

फोन कानाला धरूनच मी हनुवटी खाली घेतली.

"आता बाजूनं व्हिडिओ काढजो," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी चिकटपट्टी चार बोटं खाली लावली. मग रोज एक व्हिडिओ आणि रोज त्यांचं उत्तर: 'वर गेली.' 'बरं आहे.' 'आज डावा खांदा पाह्य.' महिन्याभरात खोली गरगरायची थांबली.

चाचणीत दोन फेऱ्या झाल्या. शेवटी पाय जरासा घसरला, पण मला ठेवून घेतलं. मी बाबांना फोन केला तेव्हा ते शाळेत होते. मला थांब म्हणाले आणि शेजारच्या कोणाला तरी सांगताना ऐकू आले, "माई पोरगी बॅले शिकते. बंगळुरूले." त्या क्षणी त्यांचा चेहरा पाहायला मिळायला हवा होता. तो मी पाहिला नाही, ही खंत अजून आहे.

आता मी तिथेच लहान मुलींना शिकवते. या दिवाळीत चार दिवस घरी गेले होते. संध्याकाळी आई म्हणाली, "खोलीतला लाइट लाव व." मी आत गेले आणि डाव्या भिंतीवर हात फिरवत राहिले. तिथे बटण नव्हतं. डावीकडे असतं ते बंगळुरूच्या खोलीत. आमच्या घरात ते उजवीकडे, दाराच्या मागे. ज्या घरात वीस वर्षं राहिले, तिथे मी अंधारात चाचपडत होते.

आई आली. तिने बटण दाबलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"होते तसं," ती म्हणाली. "लग्नानंतर पहिल्यांदा वडनेरले गेलती, तं मले माठावरचा गिलास सापडेना. मायच्या घरात."

आईचं माहेर वडनेर. तीही एक दिवस घर सोडून आली होती, हे मला माहीत होतं, पण कधी जाणवलं नव्हतं.

"मंग झाली सवय?" मी विचारलं.

"कुठची?" आई म्हणाली. "तिथली का इथली?"

मी तिच्याजवळ पलंगावर बसले आणि वडनेरच्या घरात तो माठ कुठे असायचा, हे तिला पहिल्यांदाच विचारलं.