पगारे सरांच्या नावावर आलेलं पार्सल

हे मी घरात कधी बोललेलो नाही. बायकोला नाही, भावाला नाही. पगारे सरांना तर नाहीच – आणि खरं म्हणजे आधी त्यांनाच सांगायला हवं होतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. जे ओळखतात ते ऐकूनच घेणार नाहीत. "आहेर भाऊसाहेब? छे, काहीतरीच!" म्हणतील आणि विषय बदलतील.

माझी तशी ख्याती आहे. नाशकात द्वारकेच्या जकात नाक्यावर मी कारकून होतो. शहरात येणाऱ्या मालावरचा कर घ्यायचा, पावती फाडायची. मी मूळचा देवळ्याचा, त्यामुळे कांद्याच्या गाड्यांबरोबर निम्मं गाव माझ्या खिडकीशी यायचं. एकदा सख्खा मामा ट्रकमधून उतरला. "भाच्या, चार गोण्या कमी लिही ना, घरचाच माल हाय." मी उतरून गोण्या मोजल्या, होत्या तेवढ्या लिहिल्या. मामा पावतीची घडी करत ड्रायव्हरला म्हणाला, "चल रे. हा सोताच्या तिरडीवरबी जकात घेईल." देवळ्यात ही गोष्ट अजून हसून सांगतात. मलाही ती आवडायची. तेव्हा.

नोकरीबाहेर मला एकच नाद – जुनी नाणी. तो नाद असलेला दुसरा माणूस म्हणजे पगारे सर. एका खाजगी संस्थेच्या शाळेत ते इतिहास शिकवायचे. माझी थोरली त्यांच्याच वर्गात होती. दर रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी जायचो. भिंग घेऊन ते नाण्यावरची अक्षरं लावायचे, मी वजन करून वहीत लिहायचो. त्यांच्याकडे नाणी थोडी, ज्ञान फार. माझं उलटं.

आणीबाणी उठून एखादं वर्ष झालं असेल. माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये डॉक्टर. त्यानं तिथल्या एका नाणी विकणाऱ्याची यादी पाठवली. तीत चांदवडच्या टाकसाळीत पाडलेले बारा रुपये एकत्र विकायला होते, कुणा इंग्रज अधिकाऱ्याच्या घराण्यातून आलेले. भावाला लिहिलं – घेऊन टाक, पैसे मी इथे मावशीला देतो.

पण परदेशातून आलेल्या असल्या वस्तूवर कर होता, आणि तो जबर होता. मला भरता आला नसता का? आला असता. दिवाळीचे कपडे एक वर्ष टळले असते, एवढंच. पण मी मनाशी म्हणालो – आग्रा रोडनं चाळीस मैलांवर चांदवड, तिथला रुपया नाशकात आणायला कर? कसला कर? आता हे म्हणणारा मी कोण, तर नाक्यावरचा माणूस. माल कुठे झाला याला किंमत नसते, तो कोणत्या नाक्यातून आत येतो हे बघतात – हे मी रोज दहा जणांना ऐकवायचो.

परदेशी पार्सलवर एक छापील चिठ्ठी असते. आत काय आहे आणि किंमत किती, हे पाठवणाऱ्यानं तिच्यावर लिहायचं असतं. मी भावाला कळवलं – "जुनी बटणं, भेट" असं लिही, किंमत नाममात्र टाक. आणि माझ्या नावावर पाठवू नकोस. जकातीतला माणूस कर चुकवताना सापडला तर नोकरी राहते का? सरांना मी सांगितलं, भाऊ काहीतरी पाठवतोय, दिवसा आमच्या घरी कुणी नसतं, तुमच्या पत्त्यावर येऊ दे. सरांनी काय आहे ते विचारलं नाही. "शाळेच्या पत्त्यावर मागवा," म्हणाले, "तिथे शिपाई सही करून घेतो."

इथे मी एक चूक केली – अगदी माझ्यासारखा माणूसच करील अशी. पार्सल वाटेत गहाळ झालं तर? या धास्तीनं मी भावाला पूर्ण किमतीचा विमा उतरवायला सांगितलं. म्हणजे एकाच पार्सलवर दोन आकडे: चिठ्ठीवर नाममात्र, विम्यावर खरा. माझ्या नाक्यावर काल लागलेल्या उमेदवारानंही ते पकडलं असतं. मुंबईला कस्टमवाल्यांनी पार्सल उघडलं.

नोटीस शाळेत आली, सरांच्या नावानं. ती मुख्याध्यापकांनी फोडली. दुपारपर्यंत शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं. संध्याकाळी सर सायकलवरून नाक्यावर आले आणि खिडकीतून कागद आत सरकवला.

"आहेर, तुमची बटणं चांदवडची निघाली हो."

हसायचा प्रयत्न करत होते. म्हणाले, दोघं मुंबईला जाऊ, तुम्ही काय ते सांगा, मी फक्त पत्ता दिला एवढं बोलतो. मी म्हणालो, "सर, मला रजा नाही मिळायची." माझ्या खात्यावर एकवीस दिवसांची रजा शिल्लक होती. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "राहू द्या."

ते एकटे गेले. परत आले तेव्हा सांगितलं – नाणी माझीच म्हणालो. दंड झाला, नाणी जप्त झाली. "तुमचं नाव आलं असतं तर नोकरी गेली असती तुमची. पोरी लहान आहेत. मला काय, फार तर चार बोलणी बसतील." दंडाची रक्कम मी त्यांना दिली. त्यांनी ती घेतली.

तुम्हाला वाटेल, झालं, हाच कबुलीजबाब. नाही. इथपर्यंतचं सगळं सरांना माहीत आहे. ते त्यांनी पचवलं. रविवारचं बसणंसुद्धा सुरू राहिलं. पुढचं त्यांना माहीत नाही.

दोन-तीन महिन्यांनी शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त व्हायचे होते. सेवाज्येष्ठतेनं नंबर पगारे सरांचा. सर बौद्ध. त्या संस्थेच्या मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर तोवर कोण कोण बसलं होतं, आणि कोण नव्हतं, हे नाशकात कुणाला विचारायची गरज नव्हती. त्यांना नाही म्हणायला संस्थेला काहीतरी निमित्त हवं होतं. नोटिशीचं निमित्त मिळालं, पण ते लंगडं होतं. कारण सरांनी संस्थेला सरळ लिहून दिलं – चिठ्ठी पाठवणाऱ्यानं भरली, ती मला आधी दिसलीसुद्धा नाही. आणि हे शब्दशः खरं होतं.

संस्थेचे चिटणीस नाक्यावर आले. गाडी बाजूला लावून मला बाहेर बोलावलं.

"भाऊसाहेब, तुम्ही या कामातले. तुमचा शब्द म्हणजे शब्द. मास्तर म्हणतात, चिठ्ठीवर काय लिहिलंय ते मला ठाऊकच नव्हतं. असं होऊ शकतं का हो?"

एक "हो" पुरेसा होता. ते खरंही होतं. माझं नाव न घेतासुद्धा म्हणता आलं असतं – चिठ्ठी पाठवणाराच भरतो, घेणाऱ्याला ती पार्सल हातात पडल्यावरच दिसते. मग का म्हणालो नाही? मला वाटलं, हो म्हटलं की हे विचारतील, पाठवणारा कोण? कुणाचा कोण? त्यांनी विचारलंच असतं असं नाही. पण मला तसं वाटलं – आणि ते वाटायला एका श्वासाइतकाही वेळ लागला नाही.

मी म्हणालो, "माल ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची. नकळत झालं असं आमच्याकडे सगळेच म्हणतात."

यातला एकही शब्द खोटा नाही. नियम तसाच आहे. म्हणतातही सगळेच. ज्या आवाजात मी मामाच्या गोण्या मोजल्या होत्या त्याच आवाजात मी हे बोललो. चिटणीस खूष झाले. "बस्स. तुमच्यासारखा माणूस म्हणतोय म्हटल्यावर प्रश्नच मिटला," म्हणाले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.

मुख्याध्यापक दुसरे झाले, सरांपेक्षा पाच वर्षांनी ज्युनिअर. त्यांच्या हाताखाली सर निवृत्तीपर्यंत राहिले. वेळापत्रकात त्यांना कायम शेवटचे तास असायचे. सरांचा मुलगा त्याच शाळेत होता. त्याला दुसऱ्या शाळेत घातलं. का, ते मी विचारलं नाही. सरांनी नाणी गोळा करणं सोडलं. स्वतःची होती ती माझ्या थोरलीला देऊन टाकली. मी घेऊ नको म्हणालो नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. वहिनींनी चहा दिला. बोलता बोलता शाळेचा विषय निघाला. सर म्हणाले, "आहेर, तेव्हाच्या त्या प्रकरणात संस्थेनं कुणाला तरी विचारलं होतं म्हणे. कुणी जाणकार माणूस. त्याच्या एका शब्दावर ठरलं, असं हेडक्लार्क मला निवृत्तीच्या दिवशी म्हणाला. कोण असेल हो?"

तेव्हा मला नोकरीची भीती होती, असं निदान म्हणता तरी येतं. आता कसली होती? मीही निवृत्तीला आलोय. पोरी सासरी नांदताहेत. चिटणीस वारले. माझं काहीही जाणार नव्हतं.

सर उत्तराची वाट बघत होते. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "असेल कुणीतरी."