पांढऱ्या पाटीचे नातेवाईक

पालघरपासून तारापूरपर्यंत, दाराशी स्वतःची मोटार असून माझ्या मेहुण्याइतका कंगाल माणूस दुसरा सापडायचा नाही. आळशी माणूस कंगाल झाला तर कळतं. हा पहाटेपासून गाडी पळवतो, आणि घरी येतो तेव्हा डिझेलपुरतेही पैसे खिशात नसतात. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

तो कामाला होता ती कंपनी बंद पडली, गाडीचे हप्ते थकले. बँकेचा माणूस सांगून गेला, दोन महिन्यांत भरा, नाहीतर गाडी ओढून नेऊ. मग याने ठरवलं, बोईसर स्टेशनवरून कामगार भरायचे आणि कारखान्यांच्या गेटवर सोडायचे. रोकडा पैसा. पण गाडी पांढऱ्या पाटीची, घरगुती. तिच्यात भाडं मारायची परवानगी नाही, सापडला तर दंड. तेव्हा या शहाण्याने सीटांना नाती वाटून टाकली. पोलिसाने विचारलं तर मागे खिडकीशी बसलेला मावसभाऊ, मधला आतेभाऊ, पलीकडचा साडू. पुढची सीट मानाची, म्हणून तिथे मामा. मावशी मासवणला दिली आहे, हेसुद्धा वाटेत पाठ करून घ्यायचा.

इथवर ठीक होतं. पण तोंडाने म्हटलेलं नातं याच्या पोटात उतरतं, त्याला कोण काय करणार? गेट येईपर्यंत हा मावसभावाच्या पोराचा ताप विचारत असायचा. त्याने पैसे पुढे केले की म्हणायचा, "राहू दे रे, घरचाच हायस." साडूची दाढ दुखली तर त्याला पालघरला डॉक्टरकडे घेऊन गेला, दोन फेऱ्या बुडवून. आतेभाऊ ओडिशाचा, त्याला गणपतीत घरी बोलावून एकवीस मोदक खायला घातले. एकदा हवालदाराने गाडी अडवली. पुढच्या सीटवर बिहारचा पोरगेला कामगार, मिशी नीट फुटलेली नाही. हवालदाराने विचारलं, हा तुझा मामा? तर तो पोरगाच म्हणाला, "जी, हम छोटे मामा हैं।" हवालदार हसून हसून बेजार झाला आणि सोडून दिलं. एवढ्यावर सुटावं की नाही? त्याची ड्यूटी संपली होती, म्हणून याने त्यालाही फुकट घरी पोचवला, आणि तेव्हापासून त्याला व्याही म्हणतो.

माझी बायको तेव्हा अंथरुणाला खिळली होती. भावाची गाडी जाईल याचाच तिला घोर. एक दिवस मला म्हणाली, "त्याला पैशे मागाया लाज वाटते. तुमाला कसली लाज नाय. तुमी बसा त्याच्या गाडीत." मी कंडक्टर हाय काय, असं म्हणून मी पाठ फिरवली. पंधरा दिवसांत ती गेली.

त्या दिवशी पाम गावात आमच्या अंगणात इतकी अनोळखी माणसं जमली, की मी भर दुःखात भडकलो. कोण रे तुमी, म्हणून विचारलं. एक म्हणाला मावसभाऊ, दुसरा म्हणाला साडू. हवालदार कोपऱ्यात टोपी काढून उभा. तो पुढच्या सीटवरचा पोरगा रात्रपाळी संपवून कंपनीच्या निळ्या कपड्यातच आला होता. खांदा दिला तो स्मशानापर्यंत बदलला नाही. मी त्याच्याकडे बघत राहिलो, तर खाली मान घालून म्हणाला, "भांजी थी हमारी।"

तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी मी गाडीत बसलो. मागे, कारण पुढची सीट मामाची. बँकेच्या मुदतीला आठ दिवस उरले होते. मावसभावाकडून पैसे घेतले, आतेभावाकडून घेतले. मेहुणा आरशात बघायचं टाळत होता. गेट आलं. पोराने उतरून घडी घातलेली नोट खिडकीतून पुढे केली. हिचा मामा, म्हणजे माझा मामेसासरा. मी हात पुढे नेला, आणि त्याची मूठ मिटून परत त्याच्या खिशाकडे ढकलली.

मेहुणा मागे वळला. "भावजी, तुमी तर पैशे घ्याया बसले होते ना?"

"तू गाडी चालव," मी म्हणालो.

तिला वाटलं होतं, मला कसली लाज नाही. चाळीस वर्षं संसार केला, आणि एवढं एकच तिला चुकीचं ठाऊक होतं.