पाणचट म्हणालात ना, शेठ?

मालनवहिनी गेल्याचा फोन आला, तेव्हा चाकणच्या कंपनीत मी डोक्यावर हेल्मेट घालून हेल्मेटच शोधत होतो. माझी अक्कल एवढीच… वहिनीनं मात्र दादाच्या मागे निघोजात कोंबड्यांची शेड एकटीनं चालवली.

मागच्या पावसाळ्यात कोंबड्यांना रक्ती हगवण लागली. यातले परजीवी आतडं पोखरतात, पक्षी खंगतो, मांसाची रया जाते. डॉक्टरांचं औषध वहिनीनं दिलंच; वर कोरडा भुसा अंथरला आणि खाद्यात वाटलेला लसूण, ओवा, हळद सुरू केली. मी शहाणपणा करून लसूण दुप्पट कालवला, तर कोंबड्यांनी खाद्याकडे पाठ फिरवली आणि कंपनीच्या बसमध्ये शेजारी कुणी बसेना. "भावजी, कोंबड्या हायेत त्या, मिसळीचा कट न्हाई!" वहिनी म्हणाली. पुढे पक्षी सावरले. औषधाचा अंश अंगातून उतरायचे दिवस भरल्यावर तिनं त्यातलाच एक रांधला. पातेल्यात फाजील पाणी नाही, मांस घट्ट आणि रसाळ.

पण तिचा माल उचलणारा व्यापारी पोपटशेठ भर चौकात बोलून गेला होता, "मालनबाईचं चिकन रोगट. शिजवलं की पाणचट." गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच. वहिनी शेवटपर्यंत एकच म्हणायची, "त्यानं चारचौघांत म्हणावं, खोटं बोललो. बास."

दशक्रियेला घाटावर भाषणं झाली. शेठ गहिवरून म्हणाले, "वहिनींच्या चिकनसारखी चव पंचक्रोशीत नव्हती!" मी उठलो, त्यांची सालटी काढायला माइक हिसकावला… आणि तोंडातून निघालं, "शेठनी वेळात वेळ काढला, आम्ही आभारी आहोत."

त्या दिवसापासून सूड माझ्याकडे उधार राहिला होता. शेड आता मी सांभाळतो; गेल्या आठवड्यात शेठ आपल्या पायानं तिथं आले. निगडीच्या गिऱ्हाइकांना म्हणे आता लसूण-ओव्यावरचंच चिकन हवं. "भावा, सगळा माल मलाच दे."

अंडी न्यायला आलेल्या बायका तिथंच होत्या. मी वहिनीच्या पाट्याकडे बोट केलं. "आधी लसूण वाटा. आणि चौकात काय बोललात, ते यांना सांगा."

पांढऱ्या कपड्यांत शेठ मांडी घालून बसले. तिच्या हातानं मधोमध खोलगट झालेला तो पाटा… वरवंटा फिरू लागला, डोळ्यांना धार लागली. "खोटं बोललो होतो मी," ते पुटपुटले.

"मोठ्यानं, शेठ. मागं ऐकू येत नाही."

"खोटं बोललो! मालनवहिनींचा माल चोख होता!" शेठ उठले, उपरण्यानं डोळे पुसले. "आता माल?"

"बसा," मी म्हणालो. "ओवा राहिलाय."