सांगू-नका मॅडम

पहिल्या भेटीतच त्यांनी मला गप्प केलं. मी खुर्चीत बसले, डाव्या हाताने उजवा हात उचलून टेबलावर ठेवला आणि काही बोलणार, तोच त्या म्हणाल्या, "बाई, उद्यापासून तुमच्यावर जे उपचार सुरू होतील, त्यातलं मला काहीही सांगू नका. बाकी जगातलं काहीही सांगा." आवाज इतका कोरडा होता, की या बाईंना माणसांचा कंटाळा आला असावा, असं मला वाटलं.

मी घोटीच्या शाळेत मराठी शिकवत होते. लकव्याने उजवी बाजू गेली, पाय हळूहळू परत आला, हात आला नाही. तेव्हा नाशिकच्या एका रुग्णालयात तिथले मोठे डॉक्टर अशा हातांवर संशोधन करत होते. निम्म्या लोकांना नेहमीचा व्यायाम, आणि उरलेल्यांना व्यायामाबरोबर हाताला हलका करंट देणारं यंत्र. कोण कुठल्या गटात जाणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं संगणक ठरवायचा. ठरावीक दिवसांनी आमचे हात मोजले जायचे, आणि मोजायच्या या मॅडम. कुणाला यंत्र आहे आणि कुणाला नाही, हे त्यांना कळता कामा नये असा नियम होता. म्हणून त्यांची खोली व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आम्ही पेशंट त्यांना 'सांगू-नका मॅडम' म्हणायचो. त्यांनाही ते ठाऊक होतं.

त्या स्वतः फिजिओथेरपिस्ट होत्या. अनेक वर्षं लोकांना उभं करण्यात गेलेली. पण या कामात त्यांनी फक्त बघायचं होतं. मुठीत धरून दाबायचं एक लोखंडी यंत्र असे. ते आमच्या हातात देण्याआधी त्या स्वतःच्या दोन्ही तळव्यांत धरून ऊबदार करायच्या. थंड लोखंड लागलं की आजारी हात आखडतो. तेवढी माया. एकदा यंत्र हातात दिलं की चेहरा दगडाचा. 'छान' नाही, 'अजून थोडं' नाही. मी एकदा चिडून म्हटलं, निदान हुं तरी म्हणा. त्या म्हणाल्या, "मन कललं की काटा कलतो, बाई. तुमचं बोट हललं असेल तर ते मला दिसेल. मला वाटलं म्हणून ते हलणार नाही."

मोजून झालं, पेनाला टोपण लागलं, की मात्र माणूस बदलायचा. घोटीत भाताची लावणी कुठवर आली, माझ्या सुनेला कितवा महिना, घाटात बस किती वेळ अडकली, सगळं विचारायच्या. डब्यातली थालीपिठं पुढे करायच्या. उपचार सोडून आमच्याबद्दलचं सगळं त्यांना पाठ होतं.

व्हरांड्यात माझ्या शेजारच्या बाकावर नामपूरचे अण्णा बसायचे. कांदा मार्केटात लिलाव पुकारण्यात त्यांचा जन्म गेलेला. लकव्याने हात नेला, आवाज ठेवला. नामपूरहून रोज येणं शक्य नाही, म्हणून ते पंचवटीत भाच्याकडे राहिले होते. त्यांची बायको, आमच्या काकू, गावी शेत आणि म्हशी सांभाळत. अण्णा रोज दुपारी फोन करायचे आणि अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जायचं. "आज मूठ उघडनी," असं सांगायचे. मूठ त्यांच्या मांडीवर तशीच मिटलेली असायची. मी तिकडे बघायचे नाही. माझ्याही हाताचं काही फार वेगळं नव्हतं, आणि घरी मीही ठीक आहे असंच सांगत होते.

एकदा मॅडमच्या खोलीत शिरता शिरताच अण्णांनी लिलावाच्या आवाजात सुरू केलं, "मॅडम, आज तिकडे त्या व्यायामवाल्या पोरीनं..." मॅडम ताडकन उठल्या आणि खोलीतून बाहेर निघून गेल्या. अण्णा अर्धवट उभे, तसेच राहिले. पुढचं काही सांगणार नाही असं त्यांनी कबूल केल्यावर मॅडम परत आल्या. शिकलेल्या बाईने आपलं बोलणं अर्ध्यात टाकून निघून जावं, हे त्यांच्या मनाला लागलं. त्यानंतर त्या खोलीत ते जेवढ्यास तेवढं बोलायचे, आणि मॅडमनीही ते आपलं काम सोपं झालं असं मानलं.

पावसाळा संपत आला तेव्हा अण्णांना दुसरा झटका आला. भाच्याने धावपळ केली, पण उपयोग झाला नाही. ते नाशिकलाच वारले. काकू पोचल्या त्या नंतर.

दहाव्याला आपण जायला हवं, असं मॅडमच म्हणाल्या. मी बरोबर निघाले. सटाण्यामार्गे बसने नामपूरला पोचलो. अण्णांच्या घरी बायका ओटीवर बसल्या होत्या. काकूंनी आम्हाला पाणी दिलं, मग माझ्या लुळ्या हाताकडे बघितलं आणि मॅडमना विचारलं, "त्यासना हातले फरक पडना व्हता ना?"

मला वाटलं, मॅडम हो म्हणतील. त्या ठिकाणी कुणीही म्हटलं असतं. मॅडमनी काकूंचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "नव्हता पडला, काकू. मी दर वेळी मोजायचे. पहिल्या दिवशी होता तसाच होता."

काकू रडल्या नाहीत. जमिनीकडे बघतच त्या बोलल्या. रोज फोनवर वेगळं सांगायचे, एवढंच आधी म्हणाल्या. म्हणून त्यांनीही कधी घरी या म्हटलं नव्हतं. हात सुधारतोय तर राहू द्यावं, म्हशींचं आपण बघू, असं मनाशी धरून त्या एकट्या राहिल्या होत्या. मग त्यांनी मान वर केली. "हात गया चुल्हामा," त्या म्हणाल्या. "माले माणूस जोयजे व्हता."

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

परतीच्या बसमध्ये मला मॅडमचा राग आला होता. काय अडलं असतं एक शब्द खोटं बोलायला, असं मी विचारलंही. त्यांनी बाजू मांडली नाही. खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "अण्णांनी एकदा मला विचारलं होतं, मॅडम, मी घरी जाऊ का?"

मी त्यांच्याकडे वळले.

"मला वाटलं, हा उपचाराचा प्रश्न आहे. मी म्हटलं, ते मोठ्या डॉक्टरांना विचारा, मला नको."

अण्णांनी मोठ्या डॉक्टरांना विचारलं नसणार, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मनात येईल तेव्हा सोडून जाता येतं, असं सुरुवातीला प्रत्येकाला नीट समजावून सांगितलेलं होतं. पण शब्द दिला म्हणजे दिला, या बाजारात वाढलेला तो माणूस. त्याला कुणीतरी जा म्हणायला हवं होतं. मॅडमना त्यांचा हात माहीत होता, भाच्याचं घर अडचणीचं हे माहीत होतं, म्हशींची नावंसुद्धा माहीत होती. नाशिक येईपर्यंत त्या रुमाल तोंडाला लावून बसल्या होत्या.

संशोधन पूर्ण झालं. दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. मोठे डॉक्टर भले गृहस्थ; त्यांनी आम्हाला बोलावून सरळ सांगितलं, की करंटच्या यंत्राने काही साधलं नाही, पण तेही कळायला हवंच होतं, नाहीतर गावोगावी लोक ते विकत घेत बसले असते. मॅडमना ते पटत होतं. आपल्या मोजण्यात चूक झाली असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. पुढच्या कामात लांबच्या पेशंटला मधूनमधून घरी पाठवायचं आणि घरच्यांना समोर बसवून बोलायचं, एवढं त्यांनी डॉक्टरांकडून कबूल करून घेतलं. मग ते काम सोडलं.

त्यानंतर त्या घरोघर जाऊन पेशंटना व्यायाम शिकवू लागल्या. माझ्याकडेही यायच्या. माझा हात आता याहून फार सुधारणार नाही, हे त्यांनीच मला माझ्या मुलासमोर सांगितलं. मुलाला ते आवडलं नाही. मी मात्र त्या आठवड्यात डाव्या हाताने फळ्यावर लिहायचा सराव सुरू केला. अक्षर वाकडं यायचं. वर्गातली मुलं हसायची, मग सवय झाली. नामपूरला मॅडम अधूनमधून जायच्या, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. पहिल्यांदा काकूंनी दार उघडलं नव्हतं. पुढे उघडलं. आत काय बोलणं व्हायचं, ते दोघींपैकी कुणी मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

गेल्या वर्षी मॅडमना कर्करोग निघाला, तोही पसरलेला. यजमान त्यांना मुंबईला न्यायला निघाले होते. मॅडमनी डॉक्टरांना एकच विचारलं, तिकडे गेल्याने किती फरक पडेल. डॉक्टर खरं बोलले. मॅडम इंदिरानगरच्या आपल्या घरातच राहिल्या.

मी शेवटची गेले तेव्हा त्या पुढच्या खोलीत कॉटवर होत्या. यजमान लसूण सोलत बसले होते आणि मोठ्याने पेपर वाचून दाखवत होते. मध्येच एखादा शब्द त्यांच्याकडून चुकला, तर मॅडम डोळे मिटूनच तो दुरुस्त करायच्या. मी आल्याचं त्यांना कळलं. माझा उजवा हात त्यांनी आपल्या हातांत घेतला आणि तसाच धरून ठेवला. चहा झाला, बातम्या संपल्या, मग मी हळूच हात काढून घेतला आणि बससाठी निघाले. श्रावणात त्या गेल्या.

काकूंना कळवायचं माझ्याकडे आलं. फोन लावला, सांगितलं. पलीकडे म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"घरमाच व्हत्यात का?" काकूंनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "घरीच."

"बरं व्हयनं," काकू म्हणाल्या, आणि फोन ठेवला.